आजोबांचा कोट: एका मे महिन्यातल्या दोन फोटोंचं प्रकरण

आमच्या गावच्या घरात, माजघराच्या भिंतीवर आजोबांचा फोटो होता. काळा कोट, आत पांढरा सदरा, मागे निळसर पडदा. आजोबांनी आयुष्यात कधी कोट घातला नाही. आत्याच्या लग्नातही ते धोतर आणि अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावरच वावरले. २००९ च्या पावसाळ्यात ते गेले. बाराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा त्यांचा एकट्याचा असा एकही फोटो सापडला नाही. मग आत्याच्या लग्नातला, १९९४ सालचा एक ग्रुप फोटो तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओत नेला. चार बाय सहा इंचांचा फोटो, त्यात पंधरा माणसं, आजोबांचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा. स्टुडिओवाल्याने तो चेहरा वेगळा काढला, शेजारच्या व्याह्यांचा खांदा पुसला आणि मानेखाली आपल्याकडचा तयार कोट जोडला. तेव्हा असे फोटो सर्रास व्हायचे. पण नखाएवढा चेहरा दहा इंचांपर्यंत ताणला की त्यात नवा तपशील कुठून येणार? गाल मेणासारखे गुळगुळीत झाले, डाव्या कानाची कड गेली, डोळ्यांत जीव राहिला नाही. सोळा वर्षं त्या फोटोला रोज हार चढत होता आणि कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मी पुण्यात नोकरी करते आणि गेली आठ वर्षं जोडीला लग्नांचे, मुंजींचे फोटो काढते. २०२५ च्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा माझ्यावर एक काम होतं: आजीचा चांगला फोटो काढायचा. कशासाठी, हे कुणी उच्चारलं नाही. काका फोनवर एवढंच म्हणाले, "तुझा मोठा कॅमेरा आण हो यंदा, आजीचा एक नीट काढून ठेवू." सगळ्यांना कळलं. आजीलाही कळलं असणार, ती शहाऐंशी वर्षांची आहे.

हे प्रकरण तपशिलात लिहिते आहे, कारण वयस्क माणसाचा फोटो काढायला बसल्यावर मी व्यावसायिक सवयीने जे जे केलं ते जवळजवळ सगळं चुकलं. ते का चुकलं याची कारणं दर वेळी वेगळी होती, आणि ती कारणं कोकणातल्या कुठल्याही घरात तशीच भेटतील.

आमचं घर राजापूर तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. पुढे खळं, म्हणजे अंगण, मग ओटी, आत माजघर. दिवाळीनंतर खळ्यात पोफळीच्या खांबांवर मांडव घालतात, वर नारळाचे झाप टाकतात. तो मांडव पावसापूर्वी उतरतो. मे महिन्यात घरात आम्ही सतरा जण होतो: आई-बाबा, काका-काकू, मुंबईची आत्या, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, मुलं. सतरा माणसांच्या घरात एकाच म्हाताऱ्या बाईला वेगळं बसवून तिचा फोटो काढायचा, हीच मुळात अवघड गोष्ट आहे. ते मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

पहिला प्रयत्न, ६ मे

त्या दिवशी सगळ्यांना सोयीची वेळ म्हणून पूजा झाल्यावर आणि पानं मांडायच्या आधी फोटो काढायचं ठरलं. म्हणजे दुपारचे साडेबारा. आत्याने आजीला ठेवणीतली हिरवी नऊवारी नेसवली, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला, तुळशीवृंदावनासमोर खुर्ची ठेवली.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली त्या क्षणी काठीच्या पायाशीच गोळा होते. ही शून्य सावलीची वेळ आमच्याकडे साधारण साडेबारालाच येते. मुलांना काठी रोवून ती गंमत दाखवायला तो दिवस उत्तम, आणि चेहऱ्याचा फोटो काढायला वर्षातला सगळ्यात वाईट. प्रकाश सरळ वरून पडतो. भुवयांखाली काळे खड्डे, नाकाखाली काळी पट्टी, गालांवरची प्रत्येक सुरकुती नांगराच्या तासासारखी उठून दिसते. मी आजीला उचलून मांडवात आणलं. तिथे दुसरीच अडचण. झापांच्या फटींतून उन्हाचे कवडसे साडीवर सांडत होते. आणि खळ्याच्या बाजूने लाल मातीवर आपटून येणारा उजेड खालून चेहऱ्यावर येत होता, त्यामुळे हनुवटी आणि गाल तांबूस. लाल मातीच्या अंगणात काढलेल्या फोटोंत माणसं ताप आल्यासारखी दिसतात ती यामुळे. हे नंतर संगणकावर पूर्ण निघत नाही, कारण लाली चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्यावर असते आणि वरच्या अर्ध्यावर नसते.

पण त्या दिवशीचा खरा दोष प्रकाशाचा नव्हता. मी आजीला "इकडे बघ, हनुवटी खाली, थोडी हस" असं सांगत होते आणि माझ्यामागे चौदा माणसं उभी राहून तेच सांगत होती. आजीने दोन्ही हात मांडीवर ठेवले, ओठ मिटले आणि लेन्सकडे रोखून बघितलं. शाळेत नाव पुकारल्यावर मूल उभं राहतं तशी ती बसली होती. चाळीस फोटो काढले. चाळिसांत एकच चेहरा. तो आमच्या आजीचा नव्हता.

दुसरा प्रयत्न, कशेळी

म्हणून मी ठरवलं, खास फोटोसाठी बसवायचंच नाही. सगळ्यांबरोबर फिरायला जाऊ आणि जाता-येता काढू. ११ तारखेला दोन गाड्या करून कशेळीला गेलो. तिथलं कनकादित्याचं मंदिर आजीचं आवडतं. कोकणात सूर्याची देवळं थोडी, त्यातलं हे जुनं. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला ताम्रपट या देवस्थानाचा आहे, आणि मूर्ती सौराष्ट्राकडून समुद्रमार्गे आली अशी आख्यायिका गावात सांगतात. व्यापाऱ्याचं गलबत किनाऱ्याजवळ अडलं, त्याने मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, कनका नावाच्या बाईला दृष्टांत झाला, तिच्यावरून देवाचं नाव कनकादित्य. आजी ही गोष्ट दर वेळी मुलांना सांगते आणि दर वेळी गलबतातला व्यापारी थोडा आणखी घाबरलेला असतो.

देवळातून आम्ही सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर गेलो, हत्ती बघायला. कशेळीच्या कातळावर कोरलेला हत्ती जवळपास १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत कितीतरी इतर प्राणी कोरलेले आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायाखाली घालून ही कातळशिल्पं जगासमोर आणली. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत कशेळी आहे, आमच्याच तालुक्यातले बारसू, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे आहेत, आणि गोव्यातलं फणसायमळही आहे. माझ्या लहानपणी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. आजीला मात्र माहेरच्या सड्यावरच्या अशाच रेघा माहीत होत्या. "गुरं घेऊन जायचो तेव्हा त्यावर बसून भाकरी खायचो. पांडवांनी काढलंय म्हणायचे."

कातळशिल्पाचा फोटो घेणं हे चेहऱ्याचा फोटो घेण्यासारखंच आहे, हे मला त्या संध्याकाळी उमगलं. रेषा उथळ असतात. भर दुपारी वरून ऊन पडलं की खाच आणि कातळ यांत फरकच दिसत नाही, पायाखाली हत्ती असून माणूस पुढे निघून जातो. सूर्य कलला की तिरप्या उजेडात खाचेच्या एका कडेला सावली धरते आणि रेष उठून येते. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. पूर्वी लोक रेषा दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरायचे. ते करू नये, कातळाला आणि पुढे अभ्यासाला दोन्हीला अपाय होतो. थोडं थांबलं की सूर्यच ते काम करतो. आम्ही थांबलो. सहाच्या सुमारास सोंड दिसली, मग पाय, आणि लहान पुतण्या रेषेच्या बाहेरून बाहेरून पळत पूर्ण हत्तीला फेरी मारून आला. त्याचा तो फोटो या सुट्टीतला मला सगळ्यात आवडलेला आहे.

आजी सड्याच्या कडेला छत्री टेकून उभी होती. तिरपं सोनेरी ऊन, मागे रिकामा कातळ, वाऱ्याने उडालेला पदर. मी मनात म्हटलं, झालं काम. घरी येऊन बघते तर प्रत्येक फोटोत आजीचे डोळे गायब. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला उन्हात काळा होणारा चष्मा दिला आहे. त्या काचा अतिनील किरणांनी गडद होतात आणि उघड्या सड्यावर संध्याकाळीही पुरेशा काळ्या राहतात. देवळात, सड्यावर, नंतर देवघळीच्या कड्यावर, सगळीकडे आजीच्या डोळ्यांवर दोन काळ्या टिकल्या. चष्मा काढून फोटो काढावा तर ती डोळे बारीक करते, आणि नाकावरचे चष्म्याचे दोन खळगे दिसतात. चष्म्याशिवायची आजी नातवंडांनी पाहिलेलीच नाही.

नंतरच्या दोन सहली, राजापूरचं धूतपापेश्वर आणि आंबोळगडचा समुद्र, या बाबतीत कोऱ्याच गेल्या. आजी त्यात आलीच नाही. कोकमं उतरली होती.

अट

१७ तारखेच्या रात्री मी ओटीवर आजीच्या शेजारी झोपले होते. तिने अंधारात विचारलं, "माझा भिंतीवरचा फोटो जमत नाहीये ना?"

मी गप्प बसले. खोटं बोलवेना.

"मला ठाऊक आहे गो. वाईट कशाला वाटायला हवं? यांच्या वेळी किती धावपळ झाली बघितलीस ना तू. तसं नको." थोड्या वेळाने म्हणाली, "पण बाय, मला एकटीला काढून उपयोग नाही. शेजारी तो कोटवाला लावलाय. सोळा वर्षं झाली, मला अजून तो माणूस ओळखीचा वाटत नाही. आधी त्यांचा कोट काढ. मग मी बसते."

सोळा वर्षांत ती हे कुणाशी बोलली नव्हती. मुलांनी धावपळ करून, पैसे खर्चून आणलेला फोटो, त्याला नाव कसं ठेवायचं? दुसऱ्या दिवशी मी बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. स्टुडिओत फोटो घेऊन तेच गेले होते.

निगेटिव्ह

आजीची ट्रंक माळ्यावरून उतरवली. तिच्या लग्नातला शालू, दोन पितळी डबे, आणि खाली खाकी पाकिटात फोटो. रंगीत फोटो, म्हणजे नव्वदच्या आसपासचे, निम्मेअर्धे लाल-गुलाबी पडले होते. रंगीत छपाईतले रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, निळा-हिरवा आधी गेला की मागे तांबडा उरतो. चिकट पानांच्या अल्बममधले तर पानाला धरून बसले होते. ते ओढून काढले नाहीत, पानासकट फोटो घेतले. काळे-पांढरे मात्र चांगले टिकले होते. त्यांत सहा सेंटिमीटरचे काही चौकोनी होते, त्यांतल्या एकात आजोबा.

खळ्यात उभे, धोतर, अर्ध्या बाह्यांचा सदरा, दोन्ही हातांत आंब्याचं कलम, मुळाशी मातीचा गड्डा. डोळे उन्हाने जरा मिटलेले, तोंड अर्धं उघडं, कुणाला तरी काहीतरी सांगत असल्यासारखे.

फोटोमागे काहीही लिहिलेलं नव्हतं. आजीला साल येईना, पण तिने दुसऱ्या वाटेने आणलं. "रेशनवर मिलो मिळायचा ते वर्ष. लाल जोंधळा, अमेरिकेचा. भाकरी धड व्हायची नाही." म्हणजे १९७२ च्या दुष्काळानंतरचा उन्हाळा, १९७३ चा मे. आजोबा तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे. फोटो काढणारा त्यांचा मावसभाऊ, गिरणगावात साचे चालवणारा. दर मे महिन्यात गावी यायचा तेव्हा गळ्यात आग्फाचा क्लिक थ्री असायचा, बारा फोटोंचा रोल घालायचा तो. १९८२ च्या संपानंतर कॅमेरा विकला, म्हणून आमच्या घरातले चौकोनी फोटो त्यानंतर थांबतात. आजीने हे सांगितलं नसतं तर मला ते थांबणं दिसलंही नसतं. हे सगळं मी त्या रात्री लिहून घेतलं. प्रत्येक फोटोत कोण, कुठे, कुणाचं काय झालं, असं करत साठ-सत्तर नावं झाली. त्यांतली निम्मी बाबांनाही माहीत नव्हती.

पाकिटाच्या तळाशी पतंगी कागदात गुंडाळलेल्या निगेटिव्हच्या चार पट्ट्या होत्या. तिसऱ्या पट्टीत आजोबांचा तोच फोटो सापडला. इथे माझा जीव भांड्यात पडला. सहा बाय सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह साध्या पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा सुमारे साडेतीन पट मोठी असते. साधा डबा कॅमेरा असला तरी एवढ्या जागेत चेहऱ्याचा तपशील पुष्कळ साठतो. १९९४ च्या त्या लग्नाच्या फोटोतून जे कधीच निघालं नसतं ते इथे होतं.

कडेने बुरशी मात्र लागली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने कधीही धुऊ नये. बुरशी फिल्मवरचा जिलेटिनचा थर खाते, मग तो पाण्यात सुटतो आणि चित्र हातात विरघळतं. मी फक्त हवा फुंकायचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश वापरला. बाकीची बुरशी चित्रात राहिली, ती नंतर संगणकावर एकेक रेघ करून काढली.

गावात स्कॅनर कुठून आणायचा? २० तारखेपासून पाऊस सुरू झाला. कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा आला होता, इशारे येत होते, आणि मे महिन्यात आषाढासारखा धो धो लागला. २१ ला दुपारी वीज गेली ती गेलीच. त्या अंधाराचाच उपयोग झाला. पुतण्याच्या टॅबलेटवर कोरं पांढरं पान उघडलं, उजेड पूर्ण वाढवला. टॅबलेटवर दोन्ही बाजूंना दोन-दोन काडेपेट्या ठेवून त्यावर काच, काचेवर निगेटिव्ह. एवढी उंची आवश्यक, नाहीतर पडद्याचे ठिपके फोटोत उमटतात. निगेटिव्हभोवती काळ्या कागदाची चौकट, म्हणजे बाजूचा उजेड लेन्समध्ये शिरत नाही. वर तिपाईवर कॅमेरा सरळ खाली तोंड करून, लग्नात अंगठ्यांचे फोटो काढायची मॅक्रो लेन्स लावून. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का नको. माजघराची दारं लावली. बॅटरी एकोणीस टक्के होती.

लॅपटॉपवर रंग उलटे केले आणि पडद्यावर आजोबा आले. गालावरचा तीळ आला, कान आला, सदऱ्याच्या खिशातली विड्यांची पुडी आली. बाबा खाली बसले.

आजी चष्मा पुसून जवळ आली, बघितलं आणि म्हणाली, "विहीर तिकडे कुठे गेली?" विहीर खरंच उलट्या बाजूला दिसत होती. मी निगेटिव्हची मंद, थर असलेली बाजू वर ठेवली होती, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं आलं होतं. चित्र पलटलं. विहीर जागेवर आली, खिसा डावीकडे आला. आता आजी काही बोलली नाही. तिने पडद्याला हात लावला नाही, पण हात जवळ नेला.

वाद मग झाला. काकांचं म्हणणं असं की भिंतीवर माणूस शेवटी होता त्या वयाचा असावा. नातवंडांनी पाहिलेले आजोबा पांढऱ्या केसांचे होते, हा तरुण माणूस त्यांना परकाच. यात तथ्य आहे, आणि मी स्वतः दोन दिवस काकांच्या बाजूने होते. आत्या म्हणाली, मग कोट तरी कुठे आपण पाहिलेला होता? बाबा कुठल्याच बाजूला बोलले नाहीत. शेवटी आजी म्हणाली, "तुम्ही पाहिलेत ते तुमच्या डोळ्यांत आहेत की. मी लग्न केलं ते हे." यावर काका उठून कंदील भरायला गेले, आणि पुन्हा कुणी विषय काढला नाही.

२२ मे, सकाळी

आदल्या संध्याकाळी वाऱ्याने झाप उडायला लागले म्हणून बाबांनी आणि काकांनी घाईघाईने मांडव उतरवला होता. एरवी हे काम महिनाअखेरीस होतं. सकाळी उठले तर ओटी उजळलेली. दिवाळीपासून मांडवाच्या सावलीत असलेल्या ओटीवर आख्ख्या आभाळाचा उजेड आला होता, पण ढगांतून गाळलेला, मऊ, एका बाजूने येणारा. खळ्यातली माती भिजून गडद झाली होती, तिची लाली वर फेकली जात नव्हती. वर कौलं, मागे माजघराचा अंधार. स्टुडिओत उजेड मऊ करणारी मोठी पेटी लावून मी जे करते ते त्या ओटीवर आपोआप झालं होतं.

आजी ओटीच्या कडेला बसली होती, पुढ्यात सूप. आमसुलांचं नुकसान झालं होतं. कोकमं चिरून, बिया काढून, सालं मिठाच्या रसात बुडवायची आणि उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची. चार-पाच पुटं झाली की आमसूल तयार. यंदा दुसऱ्या पुटावर पाऊस आला. आजी त्यातली बुरसलेली बाजूला काढत होती. शेजारच्या काकी खाली पायरीवर बसून त्यांच्या घरी किती फुकट गेली ते सांगत होत्या. आजीची बोटं मनगटापर्यंत जांभळट लाल.

मी कॅमेरा घेऊन समोरच्या खांबाला टेकून बसले. तिने बघितलं. "आता काढ," म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली. साडी घरातली, विटकी. केस विस्कटलेले. चष्म्याच्या काचा स्वच्छ, कारण ती पहाटेपासून आत होती आणि ढगाळ ओटीवर त्या काळ्या होण्याइतका उजेड नव्हता. काचेत खळ्याचं प्रतिबिंब येत होतं, म्हणून एकदाच उठून चष्म्याच्या दांड्या कानावरून अर्धा बोट वर केल्या. काच किंचित खाली झुकते आणि प्रतिबिंब जातं. एवढाच हात लावला. पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स, एफ २.८, आयएसओ ८००. अकरा फोटो.

अकरातला चौथा आम्हा सगळ्यांना आवडला, त्यात आजी सरळ बघते आहे, हसते आहे. आजीने सातवा निवडला. त्यात ती लेन्सकडे बघतच नाही, मान थोडी कलती आहे, लाल हात सुपात थांबलेले. मी विचारलं, हाच का? म्हणाली, "यात मी कुणाचं तरी ऐकत्ये असं दिसतंय."

छपाई

पुण्यात दोन्ही फोटो दहा बाय बारा इंचांत, मॅट कागदावर छापून घेतले. पहिल्या प्रिंटमध्ये मशीनने आपणहून रंग 'सुधारले' आणि आजीच्या बोटांची लाली तपकिरी केली. ते परत करून रंगांना हात न लावता पुन्हा छापायला सांगितलं. घरचे फोटो छापायला देताना हे आवर्जून सांगावं, कोकमाचा, हळदीचा, कुंकवाचा रंग मशीनला चूक वाटते.

चौकटीबद्दल थोडं. कोकणातल्या भिंतीवर फोटो खराब होतात ते दोन कारणांनी. काच फोटोला टेकलेली असते, दमटपणाने फोटो तिला चिकटतो. आणि चौकट भिंतीला सपाट बसते, भिंतीची ओल मागून शिरते. म्हणून फोटोभोवती जाड कार्डाची पट्टी घातली, म्हणजे काच आणि फोटोत अंतर राहिलं, आणि चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवले, मागून हवा खेळावी म्हणून. आजकालच्या फोटोकागदाच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही आणि साध्या बॉलपेनचा दाब पुढे उठतो. पिगमेंट शाईच्या बारीक पेनने कडेला लिहिलं. आजोबांच्या फोटोमागे नाव, मे १९७३, फोटो काढणाऱ्याचं नाव आणि 'हापूसचं कलम, विहिरीमागे लावलं'. ते झाड अजून आहे. यंदा वाऱ्याने त्याचे आंबे पडले.

ऑगस्टमध्ये गणपतीला गेले तेव्हा दोन्ही घेऊन गेले. आजीने स्वतःचा फोटो हातात धरून पाहिला, मागचं नाव वाचलं, पतंगी कागदात गुंडाळला आणि ट्रंकेत शालूवर ठेवला. कोटाचा फोटो बाबा माळ्यावर न्यायला निघाले तर तोही तिने मागून घेतला. "चेहरा तर त्यांचाच आहे," म्हणाली, आणि तो शालूखाली गेला.

बाबांनी आजोबांचा नवा फोटो जुन्याच खिळ्यावर टांगला. आईने चंदनाचा हार घातला. हार लांब होता, पूर्वी तो कोटावर रुळायचा, आता तो बरोबर हातांवर आणि कलमावर आला. आजीने सुई-दोरा मागितला. हार उतरवून घेतला, ओटीवर उजेडात बसली आणि दोन्ही बाजूंना टाके घालून तो चार बोटं आखूड केला.